पाटी नंतर वाच

सातारा

चि. मृण्मयी,

"मावशी, वाकडमध्ये घराजवळ तीन क्लास आहेत. कराटे, क्राव मागा आणि ज्युदो. कुठला लावू? मला आत्मविश्वास हवाय." एवढाच तुझा मेसेज. त्याच्यापाठोपाठ ताईचा फोन: "तिला सांग, लग्नाच्या वयात हातपाय मोडून घेऊ नकोस म्हणावं." दोघींना एकदमच उत्तर द्यावं म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय फोनवर नुसतं कलेचं नाव सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तू वर्षाची फी भरून आली असतीस. फी भरू नकोस. आधी हे वाच.

पाटी बघून क्लास निवडणं म्हणजे आडनाव बघून स्थळ पसंत करणं. घराणं कितीही नावाजलेलं असलं तरी नांदायचं असतं ते माणसाशी. कराटेची पाटी लावलेल्या एका हॉलमध्ये मुली तासभर रांगेत उभ्या राहून हवेत ठोसे मारतात आणि परीक्षेची फी भरून दर काही महिन्यांनी नव्या रंगाचा पट्टा नेतात. तशीच पाटी लावलेल्या दुसऱ्या हॉलमध्ये ग्लोव्हज आणि माउथगार्ड घालून त्या खरोखर एकमेकींना भिडतात. तेव्हा तिन्ही क्लासमध्ये आधी नुसती जाऊन बस आणि एकच गोष्ट बघ. तिथे समोरची व्यक्ती खरंच अडवते का? की शिकणारीचा हात फिरला, की ठरल्याप्रमाणे आपणहून पडते?

हे का बघायचं ते सांगते. दिवाळीत तू मला दोन गोष्टी बोलली होतीस. मीटिंगमध्ये कुणी मध्येच तोडलं की तुझा आवाज बसतो, आणि रात्री कॅबमधून उतरून सोसायटीच्या गेटपर्यंत जाताना जीव मुठीत असतो. तुला हे दोन वेगळे त्रास वाटतात. मला त्यांचं मूळ एकच दिसतं. आपल्याला लहानपणापासून अंग चोरायला शिकवलं. एसटीत अंग चोरून बसायचं, गर्दीत अंग चोरून चालायचं, कुणी धक्का दिला तर आपणच बाजूला व्हायचं. मैदानावर मुलगे एकमेकांना ढकलून, पाडून, पुन्हा उठून मोठे होतात. आपल्यापैकी पुष्कळजणींना पंचवीस वर्षांच्या होईपर्यंत कुणी जोरानं धरलं तर आपलं शरीर काय करेल, याचा पत्ताच नसतो. माहीत नसलेल्या त्या गोष्टीची भीती वाटते, आणि ती भीती मग मीटिंगमध्येही येऊन बसते.

अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं स्वतःवरच्या भरवशावर काम केलं. त्याचं म्हणणं असं, की आपल्याला अमुक एक जमेल हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो ते स्वतः करून पाहिल्यावर. दुसऱ्याचं बघून किंवा शाबासकी ऐकून येणारा भरवसा त्यामानानं कच्चा राहतो. एलिझाबेथ ओझर यांच्याबरोबर त्यानं १९९० साली स्वसंरक्षण शिकणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्गात अंगभर जाड पॅडिंग चढवलेला पुरुष हल्ला करायचा आणि शिकणारीनं त्याला पूर्ण ताकदीनं परतवायचं, हातचं राखून नाही. त्या बायकांची भीती कमी झाली आणि त्यांचं बाहेर जाणं-येणं वाढलं. मला सांग, आरशासमोर उभं राहून "मी सक्षम आहे" म्हणत बसण्यापेक्षा हे बरं की नाही?

आता तुझ्या तीन पाट्या, आणि ज्या तुझ्या यादीत नाहीत त्याही.

कराटे आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ते ओकिनावाहून टोकियोला नेलं आणि तिथून ते जगभर गेलं. त्यात काता असतो, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, आणि कुमिते असतं, म्हणजे प्रत्यक्ष लढत. काता वाईट नाही. उभं कसं राहायचं, कंबरेतून जोर कसा काढायचा, हे त्यातून अंगात मुरतं. पण कुमिते महिनोन्‌महिने होत नसेल तर तो क्लास व्यायामाचा समज. तायक्वांदोचंही तेच. पायाची चपळाई वाखाणण्यासारखी असते, पण फाइट होते का ते विचार.

बॉक्सिंग प्रामाणिक आहे. ठोसा चुकला की लगेच कळतं. ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग २०१२ साली लंडनला आलं आणि त्याच वर्षी मेरी कोम यांनी कांस्यपदक आणलं. समोरून काही अंगावर येत असताना डोळे मिटायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, हे बॉक्सिंगइतकं लवकर दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे, डोक्याला बसणारा मार. हलक्या स्पारिंगपुरतं ठेवणारा प्रशिक्षक असेल तर खुशाल जा. नवख्या पोरींना पहिल्याच महिन्यात एकमेकींची तोंडं फोडायला लावणारा असेल तर आल्या पावली परत ये.

क्राव मागाची जाहिरात सगळ्यात आकर्षक असते. १९३०च्या दशकात ब्रातिस्लाव्हातल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे, तेव्हा इमी लिच्टनफेल्ड यांनी त्याचा पाया घातला आणि पुढे इस्रायली सैन्यात ते वाढलं. त्याचा भर कामापुरतं शिकण्यावर आहे: केस धरले तर, मागून मिठी मारली तर, भिंतीला दाबलं तर. हे प्रश्न आपलेच आहेत. अडचण अशी, की त्यात स्पर्धा नाही, त्यामुळे शिकवणाऱ्याचं खरं-खोटं बाहेरून तपासता येत नाही. काही दिवसांचं शिबिर करून शिक्षक झालेलेही असतात. जोडीदार पूर्ण जोर लावून धरतो आणि तरी सुटायला लावतात, असा वर्ग असेल तर तो चांगला. "असा हात पकडला की असा पिळायचा, झालं!" असं म्हणून पुढच्या डावाकडे वळणारा वर्ग असेल, तर तुझ्या हाती खोटा भरवसा येईल, आणि त्यापेक्षा भीती परवडली.

आपला मर्दानी खेळ आणि केरळचं कळरीपयट्टू, या दोन्हींवर माझं प्रेम आहे. कोल्हापूरच्या पोरी दांडपट्टा फिरवतात तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं. वडकराच्या मीनाक्षी अम्मांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सत्तरी ओलांडूनही त्या कळरीत शिकवत होत्या. अंग लवचीक होण्यासाठी, पाठ ताठ होण्यासाठी, आपल्या मातीशी नातं म्हणून हे जरूर शीक. पण लाठी काही तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मावत नाही.

राहिल्या धरापकडीच्या कला: कुस्ती, ज्युदो आणि ब्राझिलियन जुजित्सू. माझं झुकतं माप इकडे आहे, आणि त्याला कारणं आहेत.

आपल्याला ज्या हल्ल्याची धास्ती असते त्यात ठोसा क्वचित असतो. धरणं, ओढणं, दाबणं, खाली पाडून वर बसणं, हे असतं. धरापकडीत रोज तेच घडतं, तेही पूर्ण जोरानं. ठोसे रोज पूर्ण ताकदीनं मारता येत नाहीत, माणसं जायबंदी होतील. पकड मात्र पूर्ण ताकदीनं करता येते आणि दुसऱ्या दिवशी दोघीही पुन्हा मॅटवर हजर असतात. तुझ्यापेक्षा पंधरा किलोनं जड मुलगी तुला खाली दाबून बसेल, छातीवर वजन येईल, श्वास कोंडेल, पहिल्यांदा रडू येईल. पंधरा-वीस वेळा तसं झालं, की शरीराला कळतं की घाबरायचं नाही, आधी मान वळवून श्वासाला वाट करायची, मग कंबर सरकवायची, मग गुडघा आत घालायचा. हा क्रम एकदा अंगात बसला की पुढे मेंदूला विचारावं लागत नाही.

दुसरं कारण पडण्याचं. ज्युदोत पहिले कित्येक दिवस नुसतं पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा तळवा मॅटवर आपटायचा. ताईला वाचून दाखव: हातपाय मोडतात ते पडता न येणाऱ्यांचे. स्कूटर घसरली, बाथरूममध्ये पाय सरकला, तरी हेच शिक्षण कामाला येतं, आणि ते साठीतही उपयोगी पडतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्युदो आणि जुजित्सूमध्ये गळा आवळला गेला किंवा कोपर ताणलं गेलं, की आपण समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची. थाप पडली की त्यानं त्या क्षणी सोडायचं, मग तो कितीही मोठा पट्टेवाला असो. का, कशाला, अजून थोडं, असं काही विचारायचं नाही. मृण्मयी, आपण थांब म्हटलं आणि समोरच्यानं तत्काळ सोडलं, हा अनुभव किती मुलींना रोज मिळतो? मॅटवर तो एका संध्याकाळी दहादा मिळतो. मग बाहेर कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर ते लगेच खटकतं. तेव्हा आपलंच काही चुकलं का, असं वाटत नाही, त्याचं चुकलं हे कळतं. तुझ्या मीटिंगवरचा उपाय मला इथे दिसतो.

अंगकाठीची काळजी करू नकोस. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे शाळेत किरकोळ अंगाचे म्हणून मार खाणारे पोर होते, त्या पायी ते जुजित्सू शिकले आणि १८८२ साली टोकियोत त्यांनी कोडोकान सुरू केलं. त्यांच्याच शिष्या केइको फुकुदा जेमतेम पाच फूट उंचीच्या. त्यांची गुणवत्ता कमी नव्हती, पण बायकांना पाचव्या दानच्या (दान म्हणजे काळ्या पट्ट्यातली पायरी) वर चढवायचं नाही हा संस्थेचा रिवाज होता, म्हणून त्या वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिल्या. १९७२ साली तो अडथळा दूर झाला. २०११ साली अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावी दान दिली तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कच्या रस्टी कानोकोगी यांनी १९५९ साली छाती बांधून, पुरुष म्हणून पुरुषांच्या संघातून राज्य पातळीवरची लढत जिंकली, आणि बाई असल्याचं कळल्यावर त्यांना पदक परत करावं लागलं. त्यांनी १९८० साली बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली. १९९२ साली बार्सिलोनाला बायकांचा ज्युदो ऑलिम्पिकमध्ये रीतसर आला. आपल्याकडे महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं, सांगलीत. म्हणजे तू ज्या दारातून सहज आत जाशील, ते दार बायकांनी ढकलून ढकलून उघडलेलं आहे.

आता सुरक्षिततेचं बोलू, कारण आत्मविश्वास आणि सुरक्षितता एक नव्हे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती आपण घोकतो, पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसापुढे लाथ आठवत नाही, आधी संकोच आठवतो. त्याला वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, मी उगीच तर संशय घेत नाही ना. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण दिलं आणि बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पहिल्या गटात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्के होतं, दुसऱ्यात ९.८ टक्के. त्या बारा तासांत हाणामारीचा भाग थोडाच होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर कसा ओळखायचा, संकोच कसा मोडायचा आणि मोठ्यानं नकार कसा द्यायचा, हे जास्त होतं. म्हणून मॅटवर जाशील तिथे आवाजही वापरायला शीक. "नाही!" हे पोटातून ओरडून म्हणायला लाज वाटते, ती आधी मोडावी लागते.

कायदाही माहीत असू दे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हा हक्क पार टोकापर्यंत जातो. मात्र संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क कायदा देत नाही. निसटता आलं की निसटायचं, पळता आलं की पळायचं, ११२ लावायचा. त्यात कमीपणा नाही. चाकू दिसला, दोघं-तिघं असले, तर पर्स फेकून धूम ठोकायची. मी शिकवलेली कुठलीही मुलगी चाकूशी हुशारी करायला गेली तर तिच्याकडून मी पट्टा परत मागेन. आणि लढता आलं नाही, शरीर थिजून गेलं, तर तो दोष तुझा नव्हे. दोष करणाऱ्याचाच असतो, तुला काळा पट्टा असो वा नसो.

आता प्रत्यक्ष निवड. क्लासमध्ये गेलीस की पुढच्या गोष्टी बघ.

पहिलं, वर्षभर टिकलेल्या बायका तिथे आहेत का. पांढऱ्या पट्ट्याच्या पोरी पुष्कळ आणि पुढे एकही नाही, असं दिसलं तर कारण शोध. त्या का सोडून जातात हे सर सांगणार नाहीत, सोडून गेलेली सांगेल.

दुसरं, शिकवणारा हात लावतो कसा. धरापकडीत स्पर्श टाळता येत नाही, पण आधी सांगून, सगळ्यांसमोर आणि कामापुरता, असा फरक डोळ्याला लगेच कळतो. "तुला एकटीला जास्त वेळ देतो" म्हणणाऱ्या गुरूपासून लांब राहा. गुरूच्या पाया पडायला हरकत नाही, पण त्याला नाही म्हणता येतं का, तेही पाहा. पहिल्याच आठवड्यात एखाद्या गोष्टीला मुद्दाम नकार देऊन बघ: "सर, आज फाइट नको, मी नुसती बघते." तो काय करतो त्यावरून तुला क्लास कळेल.

तिसरं, जोडीदार बदलतात का. नुसत्या मैत्रिणीबरोबर सराव केलास तर दोघी एकमेकींना सांभाळून घ्याल. जड, हलकी, अनुभवी, नवखी आणि विश्वासातले पुरुषही, सगळ्यांबरोबर खेळायला मिळावं.

चौथं, मॅट कशी आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे का, वॉर्मअप नीट घेतात का. उडी मारून उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, हे शिकवतात का तेही बघ. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत बायकांत पुरुषांपेक्षा जास्त होते, म्हणून स्क्वॅट्स आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम घरी स्वतः कर.

पाचवं, पैसे. महिन्याची फी घेणारा चांगला. वर्षाची एकरकमी मागणारा, दर परीक्षेला वेगळे आणि ड्रेस आपल्याकडूनच घ्या म्हणणारा, दुकानदार समज.

बारीकसारीक सूचना: नखं कापून जा. चमकी, कानातलं, अंगठी घरी ठेव. केस घट्ट बांध, पिन नको. चांगली स्पोर्ट्स ब्रा ही क्लासच्या ड्रेसच्या कापडापेक्षा महत्त्वाची, तिच्यावर पैसे खर्च कर. पाळीत जायचं की नाही हे तुझं तू ठरव; शरीर साथ देत असेल तर मनाई कसलीच नाही.

आणि मनाची तयारी अशी ठेव: पहिले तीन महिने तुझा आत्मविश्वास कमी होईल. सगळ्यांकडून पडशील, बारावीतली पोर तुला चितपट करेल, डावा-उजवा पाय कळणार नाही. बहुतेकजणी नेमक्या इथेच सोडतात आणि "हे माझ्यासाठी नाही" म्हणतात. तेवढा काळ आठवड्यातून तीनदा, जमेल तसं, पण जा. पुढे एक दिवस कुणीतरी तुला धरेल, आणि तू घाबरण्याऐवजी विचार करत असशील, की हिचं वजन कुठल्या पायावर आहे? तोपर्यंत निकाल देऊ नकोस.

नाव हवंच असेल तर सांगते. तिन्ही क्लास वरच्या कसोटीला सारखेच उतरले तर ज्युदो लाव. ज्युदोचा क्लास नुसताच पाटीपुरता निघाला आणि कराटेचे सर किंवा मॅडम खरं कुमिते घेत असतील, तर मनात काहीही न आणता कराटे लाव. तिन्ही पोकळ निघाले तर थोडी लांबची बस धर. जवळचा क्लास म्हणून वाईट क्लास लावायचा नाही.

ताईला मी स्वतः फोन करते. तू या शनिवारी तिन्हीकडे जाऊन बस, आणि रविवारी मला कळव. पट्टा कोणता मिळाला ते मला पुढेही सांगू नकोस. मीटिंगमध्ये तुला मध्येच तोडणाऱ्याला "माझं वाक्य पुरं होऊ दे" असं पहिल्यांदा कधी म्हणालीस, ते मात्र आवर्जून सांग.

तुझी,
मावशी